ड्रायव्हरला झोप लागते का?

संपादक मित्राने मिलच्या गेटवर गाठलं आणि म्हणाला, पुढच्या अंकाला कविता नको, तू सिनेमावर लिही. मी म्हटलं, मी काय समीक्षक आहे का? दहावी नापास माणूस. जे वाचलं ते बिड्यांच्या कारखान्यातल्या रद्दीतून आणि विहारातल्या कपाटातून. तो म्हणाला, शिकलेल्यांचं वाचून झालं आमचं, तू लिही. म्हणून लिहितो. चुकलं तर चुकलं.

मी तुमसरला राईस मिलमध्ये आहे. दिवाळीनंतर धान यायला लागला की मिल रात्रंदिवस चालते. कट्ट्यांची थप्पी लावायची, कोंडा बाहेर काढायचा, कनकी वेगळी भरायची. मशीन बंद पडली की दोन-दोन तास बसून राहावं लागतं. त्या दोन-दोन तासांत बारदान्यावर पडून मी हे सगळे सिनेमे बघितले, मोबाईलच्या वीतभर काचेवर. थेटरात यातला एकही बघितला नाही. आमच्याकडे थेटरात असले सिनेमे येत नाहीत, आले तरी कुणी जात नाही. म्हणून कॅमेरा कसा होता, प्रकाश कसा होता, यावर मला बोलता येणार नाही. कोंडा उडत होता, काच पुसत होतो.

माणसाचं डोकं बिघडतं तेव्हा तो देवाकडे जातो की डॉक्टरकडे, की दोघांच्या मधल्या वाटेवर मरतो, यावर मराठीत ज्यांनी थोड्या पैशात आणि इमानदारीने सिनेमे केले त्यात पहिलं नाव सुमित्रा भावे यांचं. सोबत सुनील सुकथनकर. ‘देवराई’ २००४ चा, स्किझोफ्रेनियावर. ‘अस्तु’ २०१३ चा, विसरत चाललेल्या म्हाताऱ्यावर. ‘कासव’ २०१६ चा, उदासीच्या आजारावर, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. आणि ‘दिठी’, जो २०२१ च्या मे महिन्यात सोनी लिव्हवर आला. बाई त्याआधी महिनाभर, १९ एप्रिलला गेल्या. ‘दिठी’ एकट्या त्यांच्याच नावावर आहे.

आमच्यातले काही दोस्त म्हणतील, पुण्याच्या बाईचे सिनेमे, त्यांच्या पोरांना डिप्रेशन येतं, आपल्याला भूक येते, विषय संपला. हे मीसुद्धा आधी बोललो आहे. चहाच्या टपरीवर बोलायला फार बरं वाटतं. पण दोन गोष्टी त्यांनी ऐकून घ्याव्यात. एक, भावेबाई सिनेमात येण्याआधी पुण्याच्या कर्वे संस्थेत समाजकार्य शिकवत होत्या, आणि त्यांचा पहिला लघुपट ‘बाई’ (१९८५) झोपडपट्टीतल्या बाईवर होता. दोन, आठ दलित बायांच्या तोंडच्या कहाण्या त्यांनी जमवल्या, त्या गेल ऑम्वेट यांनी इंग्रजीत केल्या आणि १९८८ साली दिल्लीहून त्याचं पुस्तक निघालं. म्हणजे बाईंना आमची दारं माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. त्या आमच्या घरात बसून गेलेल्या होत्या.

माझी तक्रार तिथूनच सुरू होते. पण आधी ‘दिठी’.

‘दिठी’ दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर आहे. हे मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. हाताने काम करणारा लेखक. मला हे कळलं तेव्हा फार आधार वाटला. कथेत रामजी नावाचा लोहार आहे. वर्षानुवर्षं पंढरीची वारी केलेला. त्याचा जवान पोरगा पुरात वाहून जातो. बाहेर पाऊस थांबत नाही. गावातले टाळकरी-माळकरी पोथीला जमलेत आणि रामजीच्या डोक्यात काहीच बसत नाही. इतकी वर्षं जे ऐकलं, जे गायलं, ते एका रात्रीत फुकट गेलं काय? घरी सून बाळंत झाली आहे, त्या नव्या जिवाकडेही त्याला बघवत नाही. अशात एक बाई पावसातून येते. तिच्या गाईच्या पोटात वासरू अडलंय, आणि अडलेलं वासरू सोडवणारा हात गावात रामजीचा.

मग तो जातो, हात घालतो, वासरू बाहेर येतं. एवढीच गोष्ट.

मी हा सिनेमा रात्री अडीच ते चारच्या मधे बघितला. एलिव्हेटरचा पट्टा तुटला होता, फिटर यायचा होता. किशोर कदम रामजी झालाय. तो रडतो तेव्हा तोंड वेडंवाकडं होतं, नाक गळतं, सुंदर दिसत नाही. आमच्याकडे मरणाच्या घरी माणसं अशीच दिसतात. शेवटी तो गाईजवळ गुडघे टेकून बसतो आणि हात आत जातो तेव्हा मी उठून उभा राहिलो. शेजारचा हमाल म्हणाला, का झालं बे? मी म्हटलं, काही नाही, गाय व्याली.

यात मला काय पटलं ते सांगतो. रामजीला कुणी बरं करत नाही. देव येऊन बरं करत नाही, कीर्तनकार बरं करत नाही, डॉक्टर तर तिथं नाहीच. त्याचं काम त्याला बरं करतं. लोहाराचा हात, गुरांची जाण. ज्या हाताला गाव एरवी बलुतं टाकतं तोच हात. हे मला माझं वाटलं. मिलमध्ये मीसुद्धा वाईट दिवसांत कट्टे उचलून उचलून रात्र काढली आहे. शरीर थकलं की मन मुकाट बसतं.

न पटलेलंही सांगतो. दुःख एका रात्रीत फिटतं हे मला पटलं नाही. वासरू झालं, डोळे उघडले, दिठी आली. मग सकाळ? सकाळी त्याच ओट्यावर पोराच्या चपला दिसतील ना! सिनेमा तिथं थांबतो. देवावरची श्रद्धा मोडली होती ती पुन्हा जुळली, यावर सिनेमाला समाधान आहे. मला वाटलं, मोडलेली श्रद्धा तशीच ठेवून माणूस जगू शकत नाही का? आमच्या आजोबांनी १९५६ नंतर देव विहिरीत टाकले. त्यांना नव्या वाटेची दीक्षा होती, ते खरं. पण रात्री एकटं पडल्यावर जुन्या देवाच्या जागी जो खड्डा राहतो तो लगेच भरतो असं नाही. त्यावर आपण कुणी लिहीत नाही. लिहिलं तर चळवळीशी बेइमानी वाटते.

आता घरचं सांगावं लागेल. सांगू की नको म्हणून दोन रात्री कागद तसाच ठेवला होता.

माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा भाऊ आहे. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. भाऊ बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली जायचा, चांगलं काम करायचा, ढोलकी वाजवायचा. एकविसाव्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. भिंतीतून कुणी नाव घेतं म्हणायचा. रात्री उठून नदीकडे चालायला लागायचा. गावाने एका दिवसात निदान केलं : बाहेरचं लागलं. नदीवर कुणाचा उतारा ओलांडला असंल.

घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञांचं कॅलेंडर. आणि माय भावाला घेऊन एका ठिकाणी गेली. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, आपल्या चारी बाजूला अशी ठिकाणं आहेत आणि तिथं सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची माणसं बसलेली असतात. तिथं त्याला एकवीस दिवस खांबाला बांधलं होतं. पायाला साखळी. मी सुटी काढून गेलो तर घोट्याभोवती कातडी सोलून काळी पडली होती. मी मायवर ओरडलो. म्हटलं, बाबासाहेबांनी काय सांगितलं, तू काय करतेस? ती बिड्या वळते, तिची बोटं बोलतानाही हलत असतात. ती म्हणाली, “बाबासाहेबाईनं का सांगतलं थे मले मालूम हाये. पन राती थो वरडते तवा तू मिलमदी रायतेस.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

नंतर दवाखाना झाला. डॉक्टरने वर न बघता दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण भाऊ दिवसभर झोपायचा, हातातून थापी गळायची. काम सुटलं. गोळ्या बंद केल्या, आवाज परत आले. पुन्हा गोळ्या. असं तीनदा झालं. आता बरा आहे म्हणजे घरी आहे. अंगणात बसतो, मायला तेंदूची पानं कापून देतो, कोंबड्या राखतो.

कायदा काय म्हणतो तेही लिहून ठेवतो, कारण आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असं असेल. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात मनोरुग्णाला साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. त्याआधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधणं आणि मारणं हा त्यात गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा अठ्ठावीस रोगी साखळीला बांधलेले होते म्हणून जळून मेले. कायदे आहेत. आणि पूर्व विदर्भातल्या आम्हा लोकांना सरकारी मनोरुग्णालय म्हणजे नागपूर. गावातून नागपूरला रोग्याला घेऊन जायचं, एक दिवसाची मजुरी तुमची, एक दिवसाची त्याला धरून बसणाऱ्याची, भाडं वेगळं. अंगारेवाला पायी जायच्या अंतरावर असतो. आणि तो ऐकून घेतो हो! आमच्या भावाचं पूर्ण म्हणणं शेवटपर्यंत ऐकणारा पहिला माणूस तोच होता, साखळी बांधायच्या आधी. हे लिहिताना मला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

तर गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, मित्राच्या पेनड्राईव्हवर ‘कासव’ होता, शेजारच्या टीव्हीला लावला आणि भावासोबत बघितला.

‘कासव’मध्ये एक तरुण आहे, आलोक राजवाडेने केलाय. हाताची नस कापून घेतलेला, दवाखान्यातून पळालेला. जानकी नावाच्या बाईला तो रस्त्यात सापडतो. ती स्वतः त्याच दुखण्यातून गेलेली. ती त्याला मोटारीत घालून कोकणात समुद्रकाठच्या घरी नेते. तिथं एक दत्ताभाऊ कासवांची अंडी राखतात. पोरगा खात नाही, बोलत नाही, अंगावर येतो, आणि हळूहळू माणसात येतो. कुणी त्याला तू कोण, कुठला, काय झालं विचारत नाही. कासवाला जसं आपापल्या वेळेने बाहेर येऊ देतात तसं त्याला येऊ देतात.

इरावती हर्षेचं काम चांगलं आहे, डॉ. मोहन आगाशेंचंही. आगाशे स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर, ‘कासव’च्या निर्मितीतही तेच, त्यामुळे आजार सिनेमावाल्यांचा वाटत नाही. वेडा म्हणजे केस पिंजारलेला, खदाखदा हसणारा, असं काही नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत, मी पाहिलेल्या तरी, वेडा स्टेजवर येतो तो लोकांना हसवायलाच येतो. लोक शिट्ट्या मारतात. मीही मारल्या आहेत, भाऊ आजारी पडायच्या आधी.

तर ‘कासव’मध्ये जानकीची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आहे, यदू. तोही किशोर कदमच. यदू गाडी चालवतो, सामान आणतो, पोरगा अंगावर आला की त्याला सावरतो, कुरकुर करतो आणि राबतो. आणि एक परशू नावाचं अनाथ पोरगं आहे. मिळेल ते काम करतं, मिळेल तिथं झोपतं आणि हसतं. आजारी तरुणाला जगायची गोडी या परशूमुळेही लागते.

सिनेमा संपला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. सिनेमाभर त्याने डोळा हलवला नव्हता. मला वाटलं आता त्या पोराबद्दल काही बोलेल, नस कापण्याबद्दल. मी मनातून घाबरलो होतो. तो म्हणाला,

“अबे, थ्या ड्रायव्हरले झोप लागते का?”

मी म्हटलं, का बे? तो म्हणाला, “दिवसभर गाडी चालवते, राती त्या पोराले राखते. थ्याले कोनी पुसलं नाई.”

मित्रहो, मी या एका वाक्याभोवती हा लेख लिहितो आहे. मी चार वर्षं पुस्तकं वाचून जी समीक्षा करू शकलो नाही ती भावाने कोंबड्यांना हाकलता हाकलता केली.

त्यानंतर सगळे सिनेमे मला उलटे दिसायला लागले. ‘देवराई’त शेष आजारी आहे. अतुल कुलकर्णीने असा केलाय की मला मधेच थांबवून बाहेर जाऊन यावं लागलं. तेच ते भिंतीकडे बघणं. त्याची बहीण सोनाली कुलकर्णी, तिचा जीव नवरा आणि भाऊ यांच्या मधे चिरडतो. हे फार खरं आहे. आमच्या घरी बहिणीचं लग्न तीनदा मोडलं, ‘त्यांच्या घरात आहे’ म्हणून. पण शेषच्या आजाराला जंगल आहे, देवराई आहे. त्याच्या भासांतही एक प्रतिष्ठा आहे. तो झाडांसाठी वेडा होतो. भावाला ऐकू येणारे आवाज काय म्हणायचे माहीत आहे? मुकादमाचे आवाज. हजेरी कापली, हजेरी कापली. याचं प्रतीक कसं करणार?

‘अस्तु’त संस्कृतचे शास्त्रीबुवा आहेत, डॉ. आगाशेंनीच केलेत. सगळं विसरत चाललेत. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते मोटारीतून उतरून हत्तीच्या मागे चालायला लागतात. इकडे मुलगी शहरभर शोधते आहे, तिकडे माहुताच्या पालावर माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते आहे. ती कन्नड बोलते, म्हाताऱ्याला तिचं कळत नाही, तिला त्याचं कळत नाही. ती त्याला खाऊ घालते, धुते, लेकरासारखं निजवते. अमृता सुभाषला या कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो वाजवी मिळाला. श्रद्धा नावाची गोष्ट मला या सगळ्या सिनेमांत कुठं नीट दिसली असेल तर चन्नम्माच्या हातात. ना मंत्र, ना अंगारा. दारात आलेल्या म्हाताऱ्याचा मळ काढणं, बस.

पण इथंही भावाचा प्रश्न लागू होतोच. शास्त्रीबुवा मुलीकडे परत जाणार. हत्ती उद्या पुढच्या गावाला जाणार. चन्नम्मा म्हातारी होईल, विसरायला लागेल, तेव्हा ती कुणाच्या मागे चालत जाईल? तिला कोण शोधेल? पोलिसात तिची तक्रार कोण देईल? ‘अस्तु’ तिच्या मायेला नमस्कार करतो आणि तिला रस्त्यावर सोडतो. गरिबाने बरं करायचं आणि शिकलेल्याने बरं व्हायचं, अशी वाटणी झाली आहे. ज्या बाईंनी आठ दलित बायांचं बोलणं कान देऊन ऐकलं त्यांच्या मोठ्या सिनेमांत आजारी पडायचा हक्क आमच्यासारख्यांना मिळायला ‘दिठी’पर्यंत थांबावं लागलं. आणि तिथंही रामजी आजारी आहे असं कुणी म्हणत नाही, तो शोकात आहे. पुण्याच्या पोराला डिप्रेशन, लोहाराला शोक. भाषा बघा.

किशोर कदम या एका नटाच्या मागे चालत गेलं तरी ही गोष्ट कळते. ‘कासव’मध्ये तो ड्रायव्हर. ‘दिठी’त लोहार. आणि ‘फँड्री’त (२०१३) कचरू, जब्याचा बाप. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ मानसिक आजारावरचा सिनेमा म्हणून कुणी मोजत नाही. मी मोजतो. जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, कारण तिची राख टाकली की पोरगी वश होते असं त्याला सांगितलेलं आहे. ही श्रद्धा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या पोराला सरळ मार्गाने त्या पोरीशी बोलताच येणार नाही, त्याला राखेशिवाय काय उरतं? देवाची पालखी निघते तेव्हा त्याच्या डोक्यावर बत्ती देतात. पालखीत डुक्कर घुसतं, देव बाटतो, आणि देव बाटला म्हणून कचरूच्या घराला गावासमोर, शाळेसमोर डुकरं धरायला लावतात. तिथं कचरूच्या तोंडाकडे बघा. लाचार हसतो, पोराला मारतो, पुन्हा हसतो. हे जे हसू आहे त्याला दवाखान्यात काय नाव असेल? मला वाटतं नावच नसेल. रामजीच्या दुःखाला देव साक्षी आहे. कचरूच्या दुःखात देव आरोपी आहे, आणि सिनेमात हे एकदाही कुणी तोंडाने बोलत नाही.

‘देऊळ’ (२०११) इथं एका वाक्यात उरकतो : केश्याला झाडाखाली दत्त दिसतो, गावात दवाखाना व्हायचा तिथं देऊळ होतं. हसून हसून पोट दुखलं. आमच्या भागात हे विनोदी वाटत नाही हे नंतर लक्षात आलं.

आता आपलं स्वतःचं. पुण्याला शिव्या देऊन झाल्या, आता आपल्या पानांकडे या. आपल्या कवितेत वेडा किती वेळा येतो मोजा. वेडा म्हणजे विद्रोही, वेडा म्हणजे आग, वेडा म्हणजे भर चौकात व्यवस्थेचे कपडे फाडणारा. मी स्वतः अशी कविता लिहिली आहे, याच मासिकात छापली आहे, टाळ्या घेतल्या आहेत. तेव्हा भाऊ घरी पडून होता आणि मी त्याचं नाव न घेता त्याला वापरला. त्या कवितेतला वेडा गर्जना करतो. माझ्या भावाला गोळ्यांमुळे तोंडातून लाळ गळायची, माय पदराने पुसायची. ती लाळ माझ्या कवितेत नाही. आपल्यातल्या कुणाच्याच कवितेत नाही. दहा-वीस रुपयांच्या मासिकात प्रतीक करून टाकायला वेडा बरा सापडतो.

आणि धम्म? धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. थेरीगाथेत पटाचारा आहे. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि ती भान जाऊन नागडी फिरत होती. लोक तिला हाकलत होते, मारत होते. बुद्धाने तिला हाकललं नाही. बहिणी, भानावर ये, एवढंच म्हणाले, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं. तीच पुढे थेरी झाली, दुसऱ्या बायांना शिकवायला लागली. ही आमची गोष्ट आहे, अडीच हजार वर्षं जुनी, आणि तिच्यावर आपण एक तासाचा सिनेमा केलेला मला तरी माहीत नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये खोदकाम झालं, तिथं मोठा स्तूप निघाला. आम्ही तिथं जाऊन फोटो काढतो. पटाचारा गावात चार घरं सोडून राहते, तिच्याकडे बघत नाही.

खैरलांजी आपल्याच जिल्ह्यात आहे, मोहाडी तालुक्यात. २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे यांची बायको, पोरगी, दोन पोरं, एका संध्याकाळी. तो माणूस त्यानंतर दहा वर्षांहून जास्त जगला, जानेवारी २०१७ मध्ये नागपूरला गेला. आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. खटल्यावर लिहिलं, जातीवर लिहिलं. त्या दहा वर्षांत रात्री दिवा मालवल्यावर त्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल, हे त्याला कुणी विचारलं का, आणि विचारलं असेल तर सिनेमात, नाटकात, कवितेत ते कुठं आहे? रामजीचा एक पोरगा गेला तर त्याच्यासाठी पाऊस आहे, पोथी आहे, गाय आहे. मी ‘दिठी’ बघताना शेवटी याच माणसाचा विचार करत होतो आणि फिटर आला.

थोड्या पैशात सिनेमा होतो हे भावेबाईंनी करून दाखवलं. ‘दिठी’त बघितलं तर काय आहे? एक गाव, पाऊस, कंदील, दहा-बारा चांगले नट, एक गाय. आपल्याकडे गाय आहे. पाऊसही आहे. झाडीपट्टीत रात्रभर उभं राहून आवाज न बसता काम करणारे नट आहेत. नाही ते एवढंच की, आपल्या घरात वेडा आहे असं चारचौघांत म्हणायची हिंमत.

मागच्या महिन्यात मी विहाराच्या कमिटीकडे गेलो. म्हटलं, पौर्णिमेला ‘दिठी’ आणि ‘फँड्री’ लागोपाठ दाखवू, मग लोकांनी बोलावं. प्रोजेक्टर मित्राच्या कॉलेजमधून मिळतो. ‘फँड्री’ला हरकत नव्हती. ‘दिठी’चं नाव काढल्यावर एक काका म्हणाले, “त्यात विठ्ठल आहे ना? विहारात विठ्ठल नाही चालत.” मी म्हटलं, काका, त्यात एका बापाचा पोरगा मेला आहे. ते म्हणाले, “थे ठीक आहे, पण अभंग वाजन ना?” दुसऱ्या एकाने विचारलं, तुझ्या भावाचं काय मग, त्याच्यावरच बोलणार का तू? तेवढ्यावर बैठक उठली.

काका चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बापाला देवळाच्या पायरीवरून ढकललेलं त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. पण मायसारख्या बाया अंधार पडल्यावर अंगारेवाल्याकडे जातात हेही त्यांना ठाऊक आहे, त्यांच्या घरातूनही जातात. विहारात त्यावर बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

सध्या असं ठरलंय की, सिनेमे विहारात न दाखवता आमच्या अंगणात दाखवायचे. जागा चाळीस माणसांची आहे. पडद्यासाठी मायने वंदनेची पांढरी साडी काढून ठेवली आहे. भावाला विचारलं, लोक आल्यावर तू बसशील ना? तो म्हणाला, आधी ड्रायव्हरचा लाव.